हमरियातली दुपार आणि एका होडीचा निरोप

दुबई-शारजात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बहुतेकांनी हमरिया फक्त पाटीवर वाचलेलं असतं. रास अल खैमाकडे सहलीला जाताना डाव्या हाताला, समुद्राच्या बाजूला ही पाटी येते आणि मागे जाते. मुलांना भूक लागलेली असते, कुणाला शू लागलेली असते, त्यामुळे हमरियाला कुणी वळत नाही. वळण्यासारखं तिथे काही आहे असंही कुणी सांगत नाही. मी मात्र सोळा वर्षं रोज सकाळी तिथेच वळतो.

भूगोल जरा गमतीचा आहे. शारजातून निघायचं, अख्खं अजमान ओलांडायचं आणि पुन्हा शारजात शिरायचं. हमरिया हा शारजाचाच तुकडा, पण एका बाजूला अजमान आणि दुसऱ्या बाजूला उम्म अल क्वैन अशा कात्रीत बसलेला. मूळचं हे कोळ्यांचं गाव. १९९५ साली त्याच्या शेजारी फ्री झोन उभा राहिला. चौदा मीटर खोलीचं बंदर, आत सात मीटर खोलीचं दुसरं बंदर, तेलाच्या टाक्या, पोलादाचे कारखाने, लाकडाची गोदामं आणि जहाजांची यार्डं. लांबूनच तेलविहिरींच्या रिगचे जाळीदार पाय आकाशात गेलेले दिसतात. माझा मुलगा लहानपणी त्यांना 'बाबाच्या ऑफिसचे आयफेल टॉवर' म्हणायचा.

माझं काम थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे. जुनं जहाज दुरुस्तीला आलं की त्याच्या पत्र्याची जाडी मोजावी लागते. पत्र्यावरचा गंज आणि रंग नाण्याएवढ्या जागेत घासून काढायचा, तिथे जेल लावायचं आणि त्यावर बोटाएवढा प्रोब टेकवायचा. प्रोबमधून कानाला ऐकू न येणारा आवाज पत्र्यात शिरतो, पलीकडच्या बाजूला आपटतो आणि परत येतो. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र जाडी सांगतं. मूळ पत्रा सोळा मिलिमीटरचा आणि यंत्र म्हणतंय अकरा, तर खडूने गोल करायचा आणि आकडा लिहायचा. असे शेकडो गोल केल्यावर रिपोर्ट तयार होतो. किती पत्रा बदलायचा, जहाज पुन्हा पाण्यात जायचं की भंगारात, हे ठरवणारे साहेब वेगळे. पण ते माझ्याच आकड्यांवर ठरवतात.

थोडक्यात, जहाजाचा आवाज ऐकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हे वाक्य मी पूर्वी कधी असं म्हटलं नसतं. ते मला एका जपानी चित्रकथेनं शिकवलं.

'वन पीस' हे नाव ज्यांच्या घरात दहा ते पंचवीस वयाचं कुणी आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. एइचिरो ओदा नावाच्या चित्रकाराने जुलै १९९७ मध्ये एका जपानी साप्ताहिकात ही मालिका सुरू केली. रबरासारखं ताणता येणारं अंग असलेला लुफी नावाचा पोरगा आणि त्याचे सवंगडी एका जहाजातून खजिना शोधायला निघालेत, आणि खंडांची संख्या शंभरावर गेली तरी ते अजून पोचलेले नाहीत. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस नेटफ्लिक्सवर त्याची माणसांनी केलेली मालिका आली आणि आमच्या चिरंजिवांना बाधा झाली. मग दुबई मॉलच्या किनोकुनियात आमची दरमहा वारी सुरू झाली. मी बाहेर कॉफी पीत बसायचो आणि आत खिसा रिकामा व्हायचा.

मी स्वतः या भानगडीत पडलो तो २०२४ च्या उन्हाळ्यात. दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात इथे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते, हे आपल्याला ठाऊक आहेच. बाहेर आग असते. यार्डात एरवी सतत चालणारी ग्राइंडरची करवादणी थांबते. गोदीतल्या जहाजाच्या पोटाखाली, जिथे सावली आणि थोडा वारा असतो, तिथे पुठ्ठे अंथरून माणसं आडवी होतात. बिहारी वेल्डर, केरळचे फिटर, फिलिपिनो रिगर, पाकिस्तानी पेंटर सगळे एका रांगेत. यार्डातली मांजरंसुद्धा त्यांच्यातच. आम्ही इन्स्पेक्शनवाले पोर्टा केबिनमध्ये एसीच्या घरघराटात बसतो. अडीच तास काय करायचं? फोनवर रील बघून डोळे दुखतात. एक दिवस मुलाने माझ्या डब्याच्या पिशवीत दोन पुस्तकं टाकली. खंड ३५ आणि खंड ४४.

"बाबा, तू जहाजवाला आहेस ना? मग हे वाच. आधी पस्तीस, मग चव्वेचाळीस. मधलं मी सांगतो."

पहिल्याच दिवशी मी पुस्तक उलट्या बाजूने उघडलं आणि शेवटापासून सुरुवात केली. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. केबिनमधला सुदानी स्टोअरकीपर माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला काही अडचण आली नाही. त्याने हसून पुस्तक फिरवून माझ्या हातात दिलं.

या पोरांच्या जहाजाचं नाव गोइंग मेरी. लहानसं लाकडी जहाज, पुढे मेंढीचं तोंड कोरलेलं. एका मैत्रिणीने भेट दिलेलं. त्यातला उसोप नावाचा लांब नाकाचा पोरगा त्याची डागडुजी करतो. तो सुतार नव्हे, तर फळ्या ठोकून वेळ भागवणारा. हे जहाज डोंगर चढतं, आकाशात जातं, ढगांवरून खाली पडतं. मी आधी पेन्सिल घेऊन चुका काढत होतो. इतक्या उंचीवरून पडल्यावर एकही वांक शिल्लक राहणार नाही, अशी टिप्पणी मी घरी केली. मुलगा म्हणाला, "बाबा, तो पोरगा रबराचा आहे ते चाललं का तुला?"

मग ते जहाज बांधणाऱ्यांच्या गावाला पोचतात. तिथला तपासनीस मेरीवर चढून सगळं बघून येतो आणि सांगतो की कणा मोडलाय. पुढच्या बेटापर्यंत पोचण्याची शक्यता शून्य टक्के. कणा म्हणजे इंग्रजीतली कील. आमच्या हर्णैकडे त्याला पठाण म्हणतात. सगळी होडी पठाणावर उभी असते. पोरं म्हणतात, बदला की तो. जहाजवाले समजावतात की पठाण बदलायचा म्हणजे दुसरं जहाज बांधायचं, आणि दोन झाडं कधी सारखी नसतात, त्यामुळे तेच जहाज पुन्हा होत नाही. इथे मी पेन्सिल खाली ठेवली. हा ओदा कुठल्या तरी सुताराजवळ बसून आलेला असणार.

कप्तान लुफी मन घट्ट करून ठरवतो की मेरीला इथेच सोडायचं. उसोप भडकतो. दोघांची मारामारी होते, मैत्री तुटते, आणि जिंकलेला कप्तान रडत निघून जातो.

मी पुस्तक मिटलं आणि खिडकीतून गोदीकडे बघत बसलो. कारण हे भांडण मी केलं होतं. वर्षभरापूर्वी, गणपतीच्या सुट्टीत, हर्णैच्या किनाऱ्यावर, माझ्या वडिलांशी.

अण्णांची होडी सागाची. तिला माझ्या आजीचं नाव. माझं शिक्षण, दोन बहिणींची लग्नं, घरावरची कौलं, सगळं तिने ओढून आणलेलं. आता बंदरात फायबरच्या होड्या आल्या आणि अण्णांचे पंच्याहत्तरीकडे झुकलेले गुडघे. तरी दर पावसाळ्याआधी ती वर ओढायची, झापांनी शाकारायची, नंतर फटींत कापूस आणि राळ भरायची, तेल पाजायचं आणि पुन्हा पाण्यात लोटायची. खर्च मी पाठवायचो. २०२३ च्या गणपतीत अण्णा म्हणाले, "तू मोठमोठी जहाजं बघतोस. हिला जरा बघून दे."

मी बघितली. लाकडाला प्रोब चालत नाही, म्हणून हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. चांगलं लाकूड ठणकन बोलतं. पठाणाच्या मधल्या भागात आवाज भद्द आला. स्क्रूड्रायव्हर टोचला, तो दोन इंच आत गेला. समुद्रातल्या अळीने आतून पोखरलं होतं. मी उभा राहिलो, हात झटकले आणि माझ्या यार्डातल्या सुरात म्हणालो, "अण्णा, ही संपली. हिच्यावर आता एक रुपया घालू नका. जळणाला काढा."

किनाऱ्यावर लिलावाची गर्दी होती. चार माणसांनी ऐकलं. अण्णा काही बोलले नाहीत. नंतर नऊ महिने ते माझ्याशी फोनवर 'बरा आहेस ना, धर, आईशी बोल' याच्या पलीकडे गेले नाहीत. मी मनात म्हणायचो, माझं काय चुकलं? निदान शंभर टक्के बरोबर होतं. अशा होडीतून त्यांना समुद्रात जाऊ द्यायचं होतं का?

पोर्टा केबिनमध्ये बसून मला पहिल्यांदा वाटलं की उसोपचंही काही चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीसावा खंड काढला. मुलाने बजावलं होतं, शेवटचं प्रकरण एकटा असताना वाच. ते ४३० वं प्रकरण. वीसेक पानांचं. मधली कथा अशी की पोरं शत्रूच्या बेटावर कोंडली गेली आहेत, सुटायला वाट नाही, आणि तेव्हा टाकून दिलेली मेरी, कुणीही वल्हवत नसताना, त्यांना न्यायला येते. युरोपातल्या उत्तरेकडच्या खलाशांत एक समजूत आहे, की ज्या जहाजावर माया केली जाते त्यात एक छोटा रखवालदार राहतो. ओदाने ती कथा इथे वापरली आहे. मेरी त्यांना बाहेर काढते आणि भर समुद्रात मधोमध मोडते.

कप्तान जहाजबांधणाऱ्यांच्या म्होरक्याला, आइसबर्गला, विनवतो की काहीतरी करा. तो सांगतो की मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलंय, आता तिला झोपू द्या. मग लुफी स्वतः मशाल घेतो. समुद्राचा तळ अंधारा आणि एकटा असतो, म्हणून तिला आम्हीच निरोप देतो, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो आणि पेटवतो. बर्फ पडायला लागतो. प्रत्येक पानावर त्यांचे जुने दिवस. आणि जळता जळता जहाज बोलतं. तुम्हाला आणखी थोडं पुढे न्यायला हवं होतं म्हणून तेच माफी मागतं. त्यावर कप्तान रडत रडत आपण सुकाणू किती वाईट धरलं याची कबुली देतो.

मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही. बाहेर पंचेचाळीस अंश होते, आत मी एका कागदी मेंढीसाठी नाक ओढत होतो. सुदानी मित्राने काही न विचारता टिश्यूचा डबा सरकवला.

डोळे पुसल्यावर मी पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं, यावेळी इन्स्पेक्टर म्हणून. लक्षात आलं ते असं. तपासनीस पुढे कथेत गुप्तहेर निघतो, खलनायक निघतो, पण त्याचं निदान शेवटपर्यंत खरं ठरतं. कणा मोडलेलाच होता. शून्य टक्के म्हणजे शून्यच. ओदाने तिथे कसलीही सवलत दिलेली नाही. पण निदान झाल्यावर बरंच काही करायचं शिल्लक होतं आणि ते त्या पोरांनी केलं. समोर उभे राहिले, हाताने पेटवलं, माफी मागितली. मी फक्त शून्य टक्के सांगून विमानात बसलो होतो.

त्याच संध्याकाळी काम आटोपल्यावर मी कंपनीची गाडी सोडली आणि हमरिया गावाच्या किनाऱ्यावर गेलो. फ्री झोनच्या भिंतीपलीकडे हे वेगळंच जग आहे. छोट्या बोटी, जाळ्यांचे ढीग, माशांचे तारेचे पिंजरे, समुद्राकडे तोंड करून बसलेले दोन-चार म्हातारे अरब. वाळूत एक जुनी लाकडी बोट कलंडलेली होती. आखातातल्या या बोटींचा साग पिढ्यान् पिढ्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून यायचा, त्यामुळे ती मला परकी वाटत नाही. मी सवयीने तिच्या पठाणावर बोटांनी ठोकलं आणि मग अण्णांना फोन लावला.

"अण्णा, होडी शाकारलेली आहे ना?"

"आहे तशीच. तुझ्या रिपोर्टाप्रमाणे."

"अण्णा, मी चुकीचं बोललो."

बराच वेळ फक्त त्यांच्याकडचा पाऊस ऐकू येत होता. मग म्हणाले, "चुकीचं नाही बोललास. मलापण ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं."

"दिवाळीला येतो. मी आल्याशिवाय काही करू नका."

"कोण करतोय," ते म्हणाले. आणि आईला फोन न देता स्वतःच दहा मिनिटं बोलत राहिले, पावसाबद्दल, माशांच्या भावाबद्दल.

त्या दरम्यान यार्डात एक प्रसंग घडला. एक जुनं सप्लाय जहाज गोदीत आलं होतं. तळाच्या पत्र्याचे आकडे वाईट येत होते. त्याचा सारंग रत्नागिरीकडचा, पांढऱ्या दाढीचा चाचा, माझ्या मागे मागे फिरत होता. एरवी मी अशांना लांब उभं राहायला सांगतो. त्या दिवशी नाही सांगितलं. प्रत्येक गोलाला तो विचारायचा, "किती आलं रे?" आणि मी आकडा सांगायचो. शेवटी त्याने हात पत्र्यावर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, "बावीस वर्षं भात खाल्ला हिचा." मी आकडा एक दशांशानेही बदलला नाही. तो बदलताच येत नाही. पण रिपोर्ट साहेबांकडे न्यायची मला घाई नव्हती.

जहाजांचा शेवट आपण मराठी माणसांनी जवळून पाहिलाय. १९६१ साली नौदलात आलेली आणि १९९७ ला निवृत्त झालेली विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे २०१४ मध्ये दारूखान्यात ती तोडायला घेतली. तिचं पोलाद २०१६ मध्ये एका मोटारसायकलच्या जाहिरातीत दिसलं, तेव्हा अण्णांनी पेपर फेकला होता. उलट मुंबईतच वाडियांच्या गोदीत सागवानाने बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. सगळ्यांच्या नशिबी हार्टलपूल नसतं. बहुतेकांच्या नशिबी दारूखानाच असतो.

दिवाळी २०२४. शाळेची सुट्टी आणि माझी रजा जुळवून आम्ही शारजाहून मुंबई, मग रात्रीच्या गाडीने खेड, तिथून दापोलीमार्गे हर्णै गाठलं. मुलाच्या पाठपिशवीत चव्वेचाळीसावा खंड होताच. संध्याकाळी पडवीत त्याने आजोबांना अख्खी गोष्ट त्याच्या दुबई-मराठीत सांगितली. अण्णांनी चष्मा लावून चित्रं बघितली.

"हे शीड उलट्या वाऱ्याला फुगलंय."

"आजोबा, ते महत्त्वाचं नाहीये!"

"वारा महत्त्वाचा नाही?" मग पान उलटून जळणाऱ्या जहाजाजवळ थांबले. "मग या पोरांनी दुसरं जहाज घेतलं की नाही?"

"घेतलं. आणखी मोठं."

"बरं केलं," अण्णा म्हणाले.

"आजोबा, तुमची होडी बोलायची?"

"वारा असला की वांक कुरकुरायचे. बोलायचीच ती. फक्त मासे कुठे आहेत तेवढं कधी सांगितलं नाही तिने."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी होडीपुढे नारळ फोडला. झाप काढले. पहिला घाव मी घालणार होतो, त्यांनी कुऱ्हाड माझ्या हातातून घेतली. दोन दिवस लागले. सरपणाचे भारे करून आम्ही तिघांनी परसात रचले. पठाणाचा पुढचा, न किडलेला चार हातांचा तुकडा अण्णांनी बाजूला ठेवला. आता तो पडवीत बाक म्हणून आहे. सुतार खिळे काढू का म्हणाला, त्याला नाही सांगितलं.

नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठलो तेव्हा न्हाणीघराच्या चुलीपुढे अण्णा बसलेले होते. जाळात एकेक तुकडा स्वतःच सारत होते. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं लाकूड, भराभरा पेटत होतं. घरभर मोरीच्या तेलाचा वास सुटला होता आणि आई वैतागली होती. "उटण्याचा वास यायचा तिथे हे बाजार भरवलेत! सणासुदीला दुसरं सरपण नव्हतं?"

अण्णा उठले नाहीत. तांब्याने हंड्यातलं पाणी ढवळलं, बोट बुडवून बघितलं आणि नातवाला हाक मारली.

"ये रे, पहिली तुझी आंघोळ. पाणी कढत आहे, जपून."